ऑपरेशन फुकट असलं तरी तिथपर्यंत पोचायला पैसे लागतात : नवी मुंबईतल्या ट्रस्टच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते खाली लिहिलंय. हा रिव्ह्यू खास त्यांच्यासाठी जे स्वतः ठाण्यात, ऐरोलीत, घणसोलीत राहतात पण आई, आत्या, सासरे असं कोणीतरी शहापूर, मुरबाड, जव्हार साईडला आहे आणि फोनवर सारखं म्हणतंय की डोळ्याला धूसर दिसतं. शहरातल्या लोकांनी इथल्या पेड विंगबद्दल भरपूर लिहिलंय, पार्किंग आहे का, एसी आहे का वगैरे. मी लिहितेय ते इथल्या फुकटच्या सेवेबद्दल, म्हणजे गावातून बसने माणसं आणतात, मोतीबिंदू काढतात आणि परत गावात सोडतात त्या सगळ्याबद्दल.

आमची आत्या शहापूर तालुक्यात डोळखांबच्या आतल्या बाजूला राहते. भातशेती, थोडी नाचणी, दोन म्हशी. वय अडुसष्टच्या पुढे. उजव्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नव्हतं आणि डावाही धूसर झाला होता. मागच्या गणपतीत गेले तेव्हा बघितलं, चहा ओतताना ती कपात बोटाचं टोक घालून ठेवायची, चहा बोटाला लागला की थांबायची. गरम चहा. मी म्हटलं आत्या हे काय करतेस, तर म्हणाली, अगं सवय झालीय, भाजत नाही आता. तांदूळ निवडायचं काम सुनेकडे गेलेलं, एसटीची पाटी वाचता येत नाही म्हणून एकटी बाजाराला जाणं बंद, संध्याकाळी अंगणात उतरायचं नाही. आणि घरातले सगळे हे असंच असतं म्हणून चाललेले. भाऊ (म्हणजे तिचा मुलगा, मी भाऊच म्हणते) काळजी करत नाही असं अजिबात नाही, तो भिवंडीच्या गोडाऊनमध्ये हजेरीवर आहे, एक दिवस गेला नाही तर त्या दिवसाचे सहाशे गेले, इतका सरळ हिशोब आहे.

ऑपरेशन का नाही केलं विचारलं की उत्तरं ठरलेली. मोतीबिंदू पिकला नाही अजून. थंडीत बघू. लावणी होऊ दे. भात झोडून होऊ दे. आणि शेवटी हळूच, या वयात माझ्यावर कशाला खर्च. हे शेवटचंच खरं कारण असतं, बाकीची कारणं त्याच्यावर घातलेली असतात. घरात बाईच्या डोळ्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, आधी मुलाचा मोबाईल, बैलाचं औषध, नातवाची फी, मग ती. मला हे बघून खरंच वाईट वाटतं आणि रागही येतो, कारण मोतीबिंदू हा असा आजार आहे की पंधरा-वीस मिनिटांच्या ऑपरेशनने माणूस परत बघायला लागतो, आणि तरीही आपल्या देशात पन्नाशीच्या पुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण हाच आहे. २०१५ ते २०१९ मध्ये देशभर जो सरकारी सर्वे झाला त्यात या वयातल्या अंधत्वापैकी साधारण दोन तृतीयांश नुसत्या ऑपरेशन न झालेल्या मोतीबिंदूमुळे निघालं. म्हणजे औषध सापडलेलं नाही असं काही नाही, माणूस ऑपरेशन टेबलपर्यंत पोचत नाही एवढंच.

आधी आम्ही तिला ठाण्यात एका खाजगी क्लिनिकला दाखवलं. नाव घेत नाही. छान होतं सगळं, तपासणीही नीट केली, पण मग काउन्सेलरने समोर लॅमिनेट केलेला कागद ठेवला. भारतीय लेन्स पस्तीस हजार, इम्पोर्टेड पंचावन्न, आणि ती दूरचं-जवळचं दोन्ही दिसणारी लेन्स लाखाच्या वर, हे सगळं एका डोळ्याचं. मॅडम आईंसाठी इम्पोर्टेडच घ्या, आयुष्यभराचा प्रश्न आहे, असं दोनतीनदा सांगितलं. आत्याला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० मिळतात. पस्तीस हजार म्हणजे तिची जवळपास दोन वर्षांची पेन्शन, ते पण एका डोळ्याला आणि सगळ्यात स्वस्त लेन्सला. ती खुर्चीत बसून गप्प ऐकत होती आणि बाहेर आल्यावर म्हणाली, चल गं घरी, मला दिसतंय तेवढं पुरे. आम्ही भावंडांनी मिळून पैसे भरतो म्हटलं तर ती तयारच होईना. मेडिक्लेम वगैरे गावात कोणाचा असतो, आणि शहरात ज्यांचा असतो त्यांनीही बघून घ्या, मोतीबिंदूला बहुतेक पॉलिसीत दोन वर्षांचं वेटिंग आणि रकमेची मर्यादा असते.

आता कोणी म्हणेल सरकारी हॉस्पिटलात फुकट होतं की. होतं, आणि चांगलं होतं. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्याखाली जिल्हा रुग्णालयात आणि अशा ट्रस्टच्या हॉस्पिटलात गरिबांची ऑपरेशनं मोफत होतात. पण आत्याच्या घरातून बघा फुकटचं ऑपरेशन किती रुपयांना पडतं. आधी तपासायला जायचं, मग रक्त, शुगर, ईसीजीला, मग तारखेला, मग पट्टी काढायला, मग आठवड्याने, मग महिन्याने. प्रत्येक वेळी सोबत एक माणूस, म्हणजे भाऊची हजेरी बुडाली. गावातून शहापूरपर्यंत एसटी, एसटी चुकली तर जीपवाला मागेल ते, तिथून आसनगाव स्टेशन, लोकल, पुढे रिक्षा. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढे तर फुकटच, त्याचा फार आधार आहे, पण सकाळची एकच गाडी असेल तर सवलतीचं तिकीट घेऊन करणार काय. त्यात बाहेर खाणं, ड्रॉप, काळा चष्मा, आणि कुठे शुगर जास्त निघाली की परत पाठवतात, कंट्रोल करून या म्हणतात, म्हणजे सगळं पहिल्यापासून. आमच्या हिशोबाने शून्य रुपयांचं ऑपरेशन पाच-सहा हजारांना गेलं असतं, आणि ते पाच-सहा हजारच नसतात.

या हॉस्पिटलने नेमकी हीच बाजू उचललीय, म्हणून मी इतकं लांबलचक लिहितेय.

गावातल्या आशाताईंनी सांगितलं की झेडपीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे. तिथे यांची टीम आली होती. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी तो वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या ई चा तक्ता, बोटांनी दाखवायचं ई चे पाय कुठे आहेत. बॅटरीने डोळा बघितला, बीपी, शुगर तिथेच. ज्यांचं फक्त चष्म्याचं होतं त्यांना वेगळं काढलं, ज्यांचा मोतीबिंदू होता त्यांची नावं लिहिली, आणि मला आवडलं ते म्हणजे शुगर जास्त निघालेल्यांना घरी जा म्हणून नुसतं हाकललं नाही, गोळ्या लिहून पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली आणि पुढच्या बसची तारीख तिथेच सांगितली. आत्या बसमध्ये चढली त्याच दुपारी. कपड्यांची पिशवी घेऊन या असं आशाताईंनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बस हॉस्पिटलची, भाडं शून्य. प्रत्येक पेशंटबरोबर नातेवाईक हवाच असा आग्रह नाही, गावच्या चार-पाच जणांमागे एक सोबती चालतो. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण याच एका नियमाने भाऊची हजेरी वाचली. तो गोडाऊनला गेला आणि संध्याकाळी मी ऐरोलीहून भेटायला गेले.

बसमध्ये बायकांना एकच काळजी, शाळेतच डोळा कापतात की काय. जुन्या लोकांच्या मनात ते बसलेलं आहे आणि उगाच नाही बसलेलं, पूर्वी खरंच शाळेच्या वर्गात टेबलं टाकून ऑपरेशनं व्हायची आणि इन्फेक्शन होऊन डोळे गेल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. आता शिबिरात फक्त तपासणी, ऑपरेशन हॉस्पिटलच्या ओटीतच, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्येच करायचं असा नियम आहे. आत्याने मला विचारलं, लहाने डॉक्टर असतील का तिथे? मी म्हटलं नाही गं, ते मुंबईच्या जेजे हॉस्पिटलात होते. पण बघा, डॉ. तात्याराव लहान्यांनी आनंदवनापासून कुठे कुठे शिबिरं घेतली, २००८ ला पद्मश्री मिळाली, आणि डोळखांबच्या आतल्या पाड्यात एका बाईला डोळ्याचे डॉक्टर म्हणून तेवढं एक नाव माहिती आहे. विश्वास असा तयार होतो, पोस्टर लावून होत नाही.

आता आतलं. फ्री पेशंटचा वॉर्ड वेगळा आहे, मोठा हॉल, ओळीने कॉट, पंखे, एसी नाही. पण ओटी एकच आणि सर्जन तेच. मी मुद्दाम विचारून घेतलं. पेड पेशंटला खोली, टीव्ही, लेन्समध्ये चॉईस, अपॉइंटमेंट मिळते, चाकू धरणारा हात तोच असतो. ही पद्धत मुळात मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलची, डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये रिटायर झाल्यावर ११ खाटांवर सुरू केलेलं, पैसे देऊ शकणाऱ्याने द्यायचे आणि त्यातून न देऊ शकणाऱ्याचं करायचं, पण क्वालिटीत फरक करायचा नाही. आज तिथे निम्म्याच्या आसपास पेशंट फुकट किंवा अगदी नाममात्र पैशांत होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं लेन्सचं. परदेशातून येणारी लेन्स शंभर डॉलरच्या आसपास पडायची म्हणून गरिबांना लेन्स न बसवताच जाड भिंगाचा चष्मा देऊन पाठवायचे, माझ्या आजीला तसाच होता, डोळे मोठ्ठे दिसायचे त्यातून. १९९२ मध्ये अरविंदवाल्यांनी ऑरोलॅब काढून लेन्स इथेच बनवायला घेतली आणि किंमत दहा डॉलरच्या घरात आणली. त्यामुळे आत्याला आज फुकटात डोळ्याच्या आत बसणारी लेन्स मिळाली. लेन्सच्या किमतीत एवढा फरक पडलाय हे कळल्यावर मला त्या लॅमिनेट कागदावरचे आकडे परत आठवले.

लेन्सबद्दल इथल्या काउन्सेलर ताईंनी जे सांगितलं ते इतकं साधं होतं की मी तेच इथे लिहिते. साध्या लेन्सने दूरचं स्वच्छ दिसतं, जवळचं वाचायला चष्मा लागतो. आत्या वाचत नाही, तांदूळ निवडायला आणि सुईत दोरा ओवायला चष्मा लावेल, संपलं. महागड्या लेन्सने ज्याला दिवसभर चष्मा नको त्याची सोय होते, दृष्टी जास्त परत येते असं काही नसतं. उजवा मोतीबिंदू खूपच कडक झाला होता म्हणून तिला मशीनच्या फेकोऐवजी छोट्या छेदाचं, बिनटाक्याचं ऑपरेशन केलं. छेद फेकोपेक्षा थोडा मोठा, सहा-सात मिलिमीटर, बरं व्हायला थोडे दिवस जास्त, पण मशीनचा खर्च नाही आणि कडक मोतीबिंदूला ते जास्त सेफ पडतं. (फेकोला सगळे लेझर म्हणतात, त्यात लेझर नसतं, अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू फोडून ओढून घेतात.) स्वस्त म्हणजे दुय्यम असं समजून कोणी नाराज होऊ नका. आणि पिकायची वाट बघणं हे आता पूर्ण जुनं झालं. जास्त पिकला तर ऑपरेशन अवघड होतं, कधीकधी आतला दाब वाढून काचबिंदू होतो आणि मग गेलेली नजर परत येत नाही. हे वाक्य मी आत्याच्या शेजारणींना स्पीकरवर ऐकवायला लावलं ताईंना.

पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. नंतर ड्रॉपचं ट्रेनिंग, आणि हे मला सगळ्यात जास्त भावलं. दोन बाटल्या, एकीला लाल स्टिकर एकीला हिरवा. सोबत कार्ड, त्यावर अक्षर नाही, उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, मावळता सूर्य आणि चंद्र, त्यांच्यापुढे लाल-हिरवे ठिपके, दर आठवड्याला ठिपके कमी होत जातात कारण त्यातला स्टिरॉइडचा ड्रॉप एकदम बंद करायचा नसतो, हळूहळू कमी करायचा असतो. नर्सने प्रत्येक बाईकडून स्वतः टाकून घेतलं, आधी हात धुवायला लावले, मग खालची पापणी ओढून एक थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये, मग पाच मिनिटं थांबून दुसरी बाटली. एका आजींचा थेंब सारखा गालावर पडत होता, नर्स वैतागली नाही, म्हणाली मावशी झोपून टाकून बघा, आणि झोपवून तीनदा करून घेतलं. औषधं फुकट, काळा चष्मा फुकट. खाजगी ठिकाणी मला इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन मिळालं असतं आणि आत्याकडून पहिल्या आठवड्यातच घोळ झाला असता.

पथ्य पण गावाला धरून सांगितली. महिनाभर चुलीपुढे बसायचं नाही, धूर डोळ्यात जातो. डोक्यावरून अंघोळ नाही काही दिवस. हंडा उचलायचा नाही. गोठ्यात जायचं नाही, शेतातल्या चिखलात तर नाहीच. डोळा चोळायचा नाही, पदराने पुसायचा तर अजिबात नाही. डोळा लाल झाला, दुखायला लागला किंवा दिसणं कमी झालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा, नंबर कार्डावर मोठ्या आकड्यात आहे.

निकाल सांगते. ऑपरेशनच्या आधी उजव्या डोळ्याला समोर धरलेली बोटं जेमतेम मोजता येत होती. महिन्याने गावातच फॉलोअप झाला, टीम परत झेडपी शाळेत आली होती, तेव्हा चष्म्यासकट सहा-नऊपर्यंत वाचलं, म्हणजे जवळजवळ पूर्णच. चष्माही तिथेच मिळाला. आता ती शहापूरच्या बाजाराला एकटी जाते. चहा ओतताना कपाकडे बघते. म्हशीच्या कासेला जखम झाली होती ती तिला दिसली, सुनेच्या नजरेतून सुटली होती.

आता अर्धा स्टार. पहिलं म्हणजे हॉस्पिटलात पोचल्यावरची वाट बघणं फार. बस संध्याकाळी लागली, तपासण्या रात्री उशिरापर्यंत चालल्या, डोळ्यात बाहुली मोठी करायचे ड्रॉप घालून माणसं बाकावर ताटकळत बसली आणि काय चाललंय ते कोणी सांगेना. डोळे आधीच अंधुक, त्यात ड्रॉप, त्यात अनोळखी जागा, म्हातारी माणसं घाबरतात. दर तासाला कोणी येऊन दोन वाक्य बोललं तरी पुरे. दुसरं, बायकांच्या वॉर्डातलं टॉयलेट लांब आहे आणि पट्टी बांधलेल्या बाईला रात्री एकटीने जायचं म्हणजे धोका, पॅसेजला धरायला दांडा बसवा, फार खर्च नाही. तिसरं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, दुसऱ्या डोळ्याचं काय हे कोणी स्वतःहून बोलत नाही. एक डोळा झाला की गावचा माणूस म्हणतो झालं आता, दिसतंय. डिस्चार्ज कार्डावरच दुसऱ्या डोळ्याचा महिना लिहून द्या, शेतीची कामं बघून लिहा, म्हणजे लावणीच्या दिवसांत तारीख आली म्हणून बुडणार नाही.

आणि एक गोष्ट यांच्या हातात नाही पण लिहिते. महिनाभर चुलीपुढे आणि गोठ्यात जायचं नाही हे सांगणं बरोबरच आहे, पण घरात दुसरी बाई नसेल तर तो महिना काढायचा कसा? आत्याला सून होती. तिच्या बसमध्ये एक एकट्या राहणाऱ्या मावशी होत्या, त्या आठव्या दिवशी चुलीपुढे बसल्या असणार, मला खात्री आहे. बचत गटाच्या बायकांनी अशा घरी आळीपाळीने भाकरी पोचवली तर किती काम होईल. आमच्या भावजयीने गटात विषय काढलाय.

ज्यांना पाठवायचंय त्यांनी आधार, रेशनकार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत द्या. गोळ्यांची नावं नाही, पाकिटंच द्या, रक्त पातळ करायची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ते आधी कळलेलं लागतं. गावात शिबिर कधी आहे ते आशाताईंना किंवा पीएचसीला विचारा. आणि शिबिराची वाट न बघता थेट कुठल्याही धर्मादाय हॉस्पिटलात न्यायचं असेल तर हे लक्षात ठेवा की आपल्या राज्यात अशा हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात, हायकोर्टाची २००६ ची योजना आहे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन सरळ तिथल्या समाजसेवकाकडे जायचं, बिलिंगच्या खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही. लाजू नका, तो उपकार नाही.

आत्याचा डावा डोळा भात झोडून झाल्यावर करायचं ठरलंय, या वेळी तिनेच आशाताईंकडे नाव दिलं. तेव्हा पॅसेजला दांडा बसलेला दिसला तर राहिलेला अर्धा स्टार देऊन टाकेन.